कलेक्टरचा दाखला आणि बायकांची 800 मीटर

मानकापूरचा_ट्रॅक
22 ऑगस्ट 2025, रात्री 10:41

1 सप्टेंबरपासून वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सचा नवा नियम लागू होतोय. जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धेत महिला गटातून उतरायचं असेल तर वाय गुणसूत्रावरच्या, पुरुषी शरीराची घडण सुरू करणाऱ्या एसआरवाय जनुकाची चाचणी द्यावी लागेल. आयुष्यात एकदाच, गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा रक्त काढून. 13 सप्टेंबरला टोकियोत सुरू होणारी जागतिक स्पर्धा याच नियमाखाली होणार. आमच्या मैदानावरच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावरून जे चाललंय ते पाहून हा धागा काढतोय. तिथे एकाच मेसेजमध्ये ट्रान्सजेंडर कायदा, बॉक्सर इमान खलीफ, धावपटू दुती चंद आणि सिग्नलवरचे किन्नर, सगळे एकत्र कोंबलेले असतात.

माझं मत आधीच सांगतो, मग हवं तेवढं झोडपा. सरकारने माणसाची ओळख कशी नोंदवायची हा कायद्याचा प्रश्न आहे आणि तिथे माणसाच्या शब्दाला किंमत हवी. बायकांच्या शर्यतीत कोणी धावायचं हे मात्र शरीर कसं वाढलं यावर ठरायला हवं. ही दोन कामं एकाच कागदाकडून करून घ्यायला गेलात की दोन्ही बिघडतात.

ब्रिटनचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. तिथे ओळख बदलल्याचा दाखला देणारा कायदा 2004 साली झाला आणि त्याच कायद्याच्या 19व्या कलमात खेळ वेगळा काढलेला होता. ताकद, दम, शरीरयष्टी यांनी निकाल ठरतो अशा खेळात संघटनांना मर्यादा घालायची मुभा होती. 2010च्या समानता कायद्यात तेच 195वं कलम झालं. म्हणजे ज्यांनी दाखला द्यायचं ठरवलं त्यांनाच पहिल्या दिवसापासून माहीत होतं की या दाखल्यावर शर्यत धावता येईलच असं नाही. मग 2022 साली स्कॉटलंडच्या संसदेने वैद्यकीय निदानाची अट काढून, 16 वर्षांपासून स्वघोषणेवर दाखला द्यायचं विधेयक मंजूर केलं, लंडनने ते जानेवारी 2023 मध्ये अडवलं आणि वाद पेटला. या 16 एप्रिलला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जन्मतः स्त्री, दाखला असो वा नसो. फुटबॉल आणि क्रिकेटच्या संघटनांनी लगेच महिला गटाचे नियम बदलले.

आता ट्रॅकवर या. 800 मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम 1:40.91, महिलांचा 1:53.28, तोही 1983 पासून कोणाला मोडता आलेला नाही. 12 टक्क्यांचं अंतर आहे. आमच्याकडे कॉलेजात बऱ्यापैकी पळणारा मुलगा राष्ट्रीय पातळीवरच्या मुलीला मागे टाकतो, यात मुलीचं काही चुकत नाही. हा गटच त्यासाठी आहे. त्यामुळे मुलगा म्हणून वयात आलेल्या शरीराने वरच्या पातळीवर महिला गटात धावू नये, असं माझं ठाम मत. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने मार्च 2023 मध्ये हेच केलं, जलतरणाने 2022 मध्ये, सायकलिंगने आणि आयसीसीने 2023 मध्ये.

पण हा नियम आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या मैदानावर उतरतो तेव्हा तो कोणाच्या अंगावर येतो? ट्रान्सजेंडर मुलगी अजून माझ्या मैदानावर कोणी आली नाही. येतात त्या रामटेक, काटोल, हिंगण्याच्या मुली, बारीक केस कापलेल्या, सपाट छातीच्या, आवाज जरा भरलेला. संशय त्यांच्यावर जातो. म्हणून नियम वरच्या पातळीवर कडक असावा आणि खाली कोणी कोणाकडे बोट दाखवू नये, असं मला वाटतं. बोला.


तर्रीपोहे
22 ऑगस्ट, रात्री 11:15

भाऊ, रात्रीच्या वक्ताले एवढा मोठा निबंध टाकून राहिले तुम्ही! पण वाचला पुरा. मले एक सांगा, बुद्धिबळात कोणतं मसल लागते? तिथंबी 2023 मधे फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, ट्रान्सजेंडर बायांले महिला स्पर्धेतून बाहेर ठेवलं, म्हणे अभ्यास करतो, दोन वर्षं लागतीन. आपल्या दिव्या देशमुखनं आत्ता जुलैत कोनेरू हम्पीले हरवून महिला वर्ल्ड कप आणला. ते का हाताच्या जोरावर जिंकली का? मंग हे ‘शरीर कसं वाढलं’ वालं तुमचं गणित तिथं कसं बसते?


मानकापूरचा_ट्रॅक
22 ऑगस्ट, रात्री 11:38

बसत नाही. फिडेचा तो निर्णय मला पटलेला नाही. बुद्धिबळात महिला गट आहे तो ताकदीसाठी नाही, मुली खेळायला येतच नव्हत्या म्हणून आहे. तिथे गटाचं काम दार उघडं ठेवायचं. दिव्या त्याच दारातून जाऊन थेट ग्रँडमास्टर झाली, देशातली 88वी. 800 मीटरमध्ये गट काढला तर अंतिम फेरीत एकही बाई दिसणार नाही. गट कशासाठी केला ते पाहून त्याचा नियम ठरवावा.


सडेतोड_सदर
23 ऑगस्ट, सकाळी 7:02

एवढं कशाला? पुरुषांचा एक, बायकांचा एक आणि त्यांचा तिसरा गट काढा. विषय संपला.


सिव्हिल_लाइन्स_वकील
23 ऑगस्ट, सकाळी 9:20

धाग्यात कायद्याचं नाव आहे आणि कायद्याबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून थोडं लिहितो.

‘मी बाई म्हटलं की बाई’ अशी सोय 2019च्या ट्रान्सजेंडर कायद्याने करून ठेवली आहे हा समज चुकीचा आहे. 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला आणि शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही असं सांगितलं. पण 2019चा कायदा, जो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला, त्याने हे दोन पायऱ्यांत तोडलं. जिल्हाधिकारी पहिला दाखला देतात तो ‘ट्रान्सजेंडर’ असा. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असा सुधारित दाखला 7व्या कलमाखाली, शस्त्रक्रियेनंतर, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून. न्यायालयाने दिलेलं कायद्याने अर्धं परत घेतलं अशी टीका तेव्हाच झाली आणि मला ती बरोबर वाटते.

आणखी एक घोळ आहे. या कायद्याच्या व्याख्येतच जन्मतः लैंगिक जडणघडण वेगळी असलेल्या, म्हणजे इंटरसेक्स, व्यक्तींनाही ट्रान्सजेंडरमध्ये धरलंय. शांती सौंदराजन मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरचं रौप्य जिंकली आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. तिने कोणतीही ओळख बदललेली नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांचं सोडा, इथे कायद्यानेच दोन वेगळ्या माणसांना एका खणात टाकलंय.

आता खेळ. 13वं कलम सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना खेळाची संधी भेदभाव न करता, इतरांच्या बरोबरीने द्यायची. शाळा आली, कॉलेज आलं, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या. कोणत्या गटात, हे मात्र कलमात नाही. केरळ उच्च न्यायालयासमोर 2022 मध्ये ज्युदोचं असंच प्रकरण आलं. वेगळ्या गटाची सोय केलेली नसेल तर ट्रान्सजेंडर अर्जदाराला महिला गटात खेळू द्या, असा अंतरिम आदेश झाला. आणि आपल्याच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ट्रान्सजेंडर उमेदवाराला महिलांसाठी राखीव जागेवरून ग्रामपंचायत लढू दिली. ती निवडूनही आली. धागाकर्त्याचा तर्क लावला तर हे ठीकच, कारण सरपंचकीला पायाचा वेग लागत नाही.

ब्रिटनसारखं खेळापुरतं स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. ते असायला हवं होतं. नसल्यामुळे उद्या प्रत्येक प्रकरण कोर्टात जाणार आणि प्रत्येक न्यायमूर्ती आपापल्या परीने ठरवणार.


पुण्याहून_सप्रेम
23 ऑगस्ट, सकाळी 10:05

वकीलसाहेब, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे. (नागपूरकरांनी इतकं मुद्देसूद लिहिलेलं पाहून उन्हाळा संपल्याची खात्री झाली.)


तर्रीपोहे
23 ऑगस्ट, सकाळी 10:09

या तुम्ही मे महिन्यात, मंग दाखवतो मुद्दे.


संप्रेरकवाला
23 ऑगस्ट, दुपारी 2:30

मी या विषयातला डॉक्टर आहे, त्यामुळे मोजूनमापून लिहितो.

निरोगी स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक लिटरमागे साधारण 2 नॅनोमोलच्या आत असतं, पुरुषात 8 ते 29. मधली जागा जवळजवळ रिकामी आहे. वयात येईपर्यंत मुलगा-मुलगी यांच्या धावण्यात फरक थोडा असतो, नंतर तो उघडतो. उंची, हाडांची लांबी, हृदयाचा आकार, हिमोग्लोबिन, स्नायू. नंतर औषधाने टेस्टोस्टेरॉन खाली आणलं तर हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं, स्नायू मात्र वर्षभरात 5 टक्क्यांच्या आसपासच कमी होतात आणि हाडं तर आखूड होत नाहीत. अमेरिकन हवाईदलातल्या ट्रान्सजेंडर स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास आहे. दोन वर्षांच्या उपचारानंतर सिट-अप्स आणि जोर यांतला फरक मिटला, धावण्यात त्या 12 टक्क्यांनी पुढेच राहिल्या. पण त्या सैनिक होत्या, प्रशिक्षित धावपटू नव्हेत. स्पर्धेतल्या ट्रान्सजेंडर धावपटूंवरचा पुरावा अजून तुटपुंजाच आहे, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

एसआरवायबद्दल. ही चाचणी जनुक आहे की नाही एवढंच सांगते. त्या जनुकाने शरीरावर काय काम केलं ते सांगत नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये 3,387 महिलांची तपासणी झाली, 8 जणींची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं. त्यातल्या 7 जणींचं शरीर टेस्टोस्टेरॉनला पूर्ण किंवा अंशतः दादच देत नव्हतं. अशा गोंधळामुळेच 1999 मध्ये ऑलिम्पिक समितीने सरसकट तपासणी बंद केली. आता ती पुन्हा आली आहे. या वेळी टेस्टोस्टेरॉनला अजिबात दाद न देणाऱ्या शरीराला सूट ठेवली आहे, ही सुधारणा. पण अहवाल हातात पडल्यावर एकोणीस वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा कळणार की आपल्याला गर्भाशय नाही. तिच्याशी तेव्हा कोण बोलणार? चाचणी घेणारा की तिचा प्रशिक्षक? आपल्याकडे ही व्यवस्था मला कुठे दिसत नाही.


कन्हानकाठची
23 ऑगस्ट, रात्री 9:50

दोन दिवस वाचते आहे. ज्यांच्याबद्दल चाललंय त्यातली मी एक, म्हणून लिहिते.

सदरवाले भाऊ, तिसरा गट काढायचं तुम्ही एका ओळीत उरकलं. जागतिक जलतरण संघटनेने 2023 मध्ये बर्लिनला खुला गट ठेवला होता. एकही नाव आलं नाही. संपूर्ण जगातून. आता नागपूर जिल्ह्यात तिसऱ्या गटाची 800 मीटर लावा आणि मी एकटी धावते, सुवर्णपदकही मलाच द्या. शिवाय त्या गटात नाव घालणं म्हणजे गावभर जाहीर करणं. माझ्या कॉलेजात अर्जावर तिसरी चौकट आली तेव्हा क्रीडाशिक्षक मला म्हणाले, तू स्कोअर लिहायला बस. तेव्हापासून मी धावलेली नाही.

धागाकर्ते, तुम्ही सभ्यपणे लिहिलंय, त्याबद्दल आभार. पण तुमच्या लिखाणात मी येते ती फक्त धोका म्हणून. ‘अजून माझ्या मैदानावर कोणी आली नाही.’ का आली नसेल? 2023च्या फेब्रुवारीत याच शहरात पोलिसांनी जमावबंदीचं 144 कलम लावून सिग्नलवर किंवा घरी जाऊन पैसे मागणाऱ्या आमच्या लोकांवर बंदी घातली. पैशासाठी दांडगाई होते, मी नाकारत नाही. पण त्यानंतर मी नुसती रस्त्यावर उभी असले तरी लोक मोबाइल काढायचे. सकाळी पाचला ट्रॅकसूट घालून मैदानावर यायची हिंमत कुठून आणायची?

डॉक्टरसाहेबांचे आकडे मी खोटे म्हणत नाही. माझी उंची पाच फूट चार इंच आहे, उपचार सुरू आहेत, धाप लागते. जागतिक विक्रमाशी माझा काय संबंध? सरासरीचा नियम माझ्यासारखीवर का?


सडेतोड_सदर
23 ऑगस्ट, रात्री 10:12

सरासरीचाच नियम असतो ताई. वजनगटही तसाच. प्रत्येकासाठी वेगळी शर्यत लावायची का? सहानुभूती आहे, पण माझ्या पुतणीचं पदक जाऊ नये, एवढंच.


हिंगण्याची_आई
24 ऑगस्ट, सकाळी 6:15

मी इथे नेहमी फक्त वाचते. माझी मुलगी 15 वर्षांची आहे, 1500 आणि 800 धावते. केस बारीक, अंगाने काटक, अजून पाळी आलेली नाही. मागच्या मोसमात एका स्पर्धेत ती पहिली आल्यावर दुसऱ्या मुलीचे वडील पंचांकडे गेले, म्हणे ही मुलगीच आहे का बघा. एका बाईंनी तिला बाजूला नेऊन ‘जरा कपडे वर कर’ म्हटलं. मी तिथेच होते म्हणून थांबलं. पोरगी नंतर काही दिवस मैदानावर गेली नाही.

मोठ्या स्पर्धांचं मला कळत नाही. पण 1 सप्टेंबरपासून चाचणी आली असं सगळीकडे झाल्यावर उद्या कोणीही तिच्याकडे दाखला मागेल, तेव्हा मी काय सांगू?


सिव्हिल_लाइन्स_वकील
24 ऑगस्ट, सकाळी 8:40

ताई, हे नीट वाचा आणि हवं तर छापून बॅगेत ठेवा.

तो नियम जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांचा आहे. तालुका, जिल्हा किंवा शालेय स्पर्धेतल्या पंचाला कोणाचं अंग तपासायचा अधिकार तो देत नाही. तुमची मुलगी 18 च्या आतली आहे. कपडे बाजूला करायला लावणं हे पोक्सोच्या, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या, कक्षेत जाऊ शकतं, सांगणारी बाई असली तरी. कोणी संशय घेतला तर तक्रार लेखी द्या म्हणावं, सही-नावासह. निम्मे लोक तिथेच गळतात. तुम्ही जन्मदाखला आणि शाळेचा दाखला दाखवा, त्यापुढे काही नाही. रक्ताचा किंवा जनुकाचा अहवाल स्वतःहून कोणाला देऊ नका. ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालानंतर खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि वैद्यकीय माहिती त्यात येते.

दुती चंदचं आठवा. 2014 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, शरीरातच टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून, तिला वगळलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली, जुलै 2015 मध्ये तो नियमच स्थगित झाला आणि 2016 ला ती रिओत 100 मीटर धावली. कागद मागितले आणि लढली, म्हणून. आता संसदेने याच महिन्यात राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आहे, त्यात क्रीडा न्यायाधिकरण आहे. ते उभं राहिलं की असे वाद तिकडे जातील. आजच्या घडीला आपल्याला हायकोर्ट आहे.


संप्रेरकवाला
24 ऑगस्ट, सकाळी 11:05

आई, 15 वर्षांची मध्यम पल्ल्याची धावपटू आणि पाळी नाही, यात सर्वात वरचं कारण खाणं कमी आणि सराव जास्त हेच असतं. तरी स्त्रीरोगतज्ज्ञाला एकदा दाखवा. स्पर्धेसाठी नाही, तिच्या हाडांसाठी. अहवाल तुमच्या कपाटात राहू द्या.


तर्रीपोहे
24 ऑगस्ट, दुपारी 12:20

त्या पंचीणबाईले कोणी काही बोललं का नाही? पोरीले कपडे वर कर म्हणते! याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा नाही होत, पाहा.


भरतीची_तयारी
24 ऑगस्ट, संध्याकाळी 5:45

तुम्ही ऑलिम्पिकचं बोलताय, आमच्यासाठी खरी शर्यत पोलीस भरती. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. गोळा मुलांचा 7.26 किलो, मुलींचा 4. डिसेंबर 2022 मध्ये हायकोर्टाने फटकारल्यावर सरकारने ट्रान्सजेंडर उमेदवारांसाठी अर्जात पर्याय दिला आणि मैदानी चाचणीचे निकष ठरवायचं कबूल केलं. तिथे एका गुणाने नोकरी जाते. खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण आहे, महिलांचं 30 टक्के आहे. मग माझी बहीण जिच्याबरोबर पळणार ती कोणत्या निकषाने, हे विचारलं की मी वाईट होतो का?


कन्हानकाठची
24 ऑगस्ट, रात्री 8:30

नाही, वाईट नाही. पण पोलिसाचं काम म्हणजे पदक नव्हे. तिथे बाईला 800 ठेवली कारण तेवढा दम कामाला पुरतो असं सरकारने मानलं. मग मला त्याहून वेगळा निकष द्या, माझ्या जागा वेगळ्या मोजा, तुमच्या बहिणीची एकही कमी होणार नाही. कर्नाटकाने आमच्यासाठी नोकऱ्यांत 1 टक्का आडवं, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं, आरक्षण 2021 मध्येच दिलंय. महाराष्ट्रात तसं झालं तर हे भांडण निम्मं मिटेल.

धागाकर्त्यांना माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही म्हणता वर कडक, खाली मोकळं. वर कुठून सुरू होतं? राज्यस्तराच्या पदकावर नोकरीचं आरक्षण लागतं, आणि राज्याला जायचं तर जिल्ह्यात पहिलं-दुसरं यावं लागतं. मग तुमचं ‘खाली’ राहिलं कुठे?


मानकापूरचा_ट्रॅक
24 ऑगस्ट, रात्री 11:10

प्रश्न बरोबर जागी लागलाय. माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. जिथे निकालावर निवड किंवा नोकरी अवलंबून आहे तिथे रेषा हवी, म्हणजे जिल्हा निवड स्पर्धाही आली. तिथे तुमची वेळ नोंदवावी, प्रमाणपत्र द्यावं, पण पात्रतेच्या यादीत मुलींचा क्रम वेगळा काढावा. आणि तो क्रम काढताना कोणाच्याही अंगाला हात लागू नये, तुमचा दाखला किंवा तुमचा शब्द पुरे. बाकी सगळं, म्हणजे सराव, आंतरशालेय, कॉलेजच्या शर्यती, रविवारच्या दहा किलोमीटर, यात ज्या गटात तुम्हाला धावावंसं वाटतं त्यात धावा. 13वं कलम वकीलसाहेबांनी सांगितलंच आहे.


कन्हानकाठची
24 ऑगस्ट, रात्री 11:32

म्हणजे मी धावायचं, पण जिंकायचं नाही. हे न्याय म्हणून मला मान्य नाही, तडजोड म्हणून विचार करीन. आणि ‘तुमचा शब्द पुरे’ हे तुमच्या मैदानावरच्या त्या पालकांच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः लिहा, इथे नाही.


मानकापूरचा_ट्रॅक
24 ऑगस्ट, रात्री 11:40

लिहितो. हिंगण्याच्या ताईंना वकीलसाहेबांनी दिलेलं उत्तरही तिथेच टाकतो, नाव काढून. उद्या सकाळी साडेपाचला सराव आहे. यायचं असेल तर गेटवरच्या माणसाला माझं नाव सांगा.


सडेतोड_सदर
25 ऑगस्ट, सकाळी 7:30

जिल्हा निवडीचा वेगळा क्रम काढणार कोण? जिल्हा संघटनेकडे स्टॉपवॉचसुद्धा धड नाहीत.